ग्लेनची करंगळी

हे लिहिणार नव्हतो. दोन ओळी टाइप करायच्या आणि फोन उलटा ठेवायचा, असं बरेच महिने चाललं. लिहिणं मला कुणी शिकवलेलं नाही, त्यामुळे कुठून सुरू करायचं तेही कळत नव्हतं. शेवटी ग्लेनलाच फोन करून विचारलं. तो म्हणाला, "लिही ना. फक्त माझं नाव बदलू नकोस. नाव बदललंस तर लोकांना वाटेल कुणीतरी दुसराच येडा होता."

तर नाव बदललेलं नाही.

"ऊस गेला की रे, खोत!"

ग्लेन हँगरच्या दारात उभा राहून रनवेकडे बघत होता. मी विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे काढत होतो. उठून मीही बघितलं. रनवेच्या डाव्या अंगाला, कुंपणापलीकडे, आम्ही आलो तेव्हापासून पुरुषभर उंच ऊस उभा होता. आज तिथं काही नव्हतं. सगळं सपाट. पाचटाचा पिवळा थर, आणि लांब कडेला तोडणीवाल्यांच्या बैलगाड्या.

"कसं मोकळं वाटतंय," ग्लेन म्हणाला. "इतके दिवस भिंतीला घासून उतरल्यासारखं वाटायचं."

"फोटो काढ. आईला पाठव."

"आईला विमानाचे फोटो नको असतात. तिला मी जेवलो का त्याचा फोटो हवा असतो."

ग्लेन तुस्कानो वसईचा. वडिलांची मोगऱ्याची वाडी. आई दर महिन्याला कुणाच्या तरी हातून डबाभर फुगे पाठवायची. फुगे म्हणजे त्यांच्याकडे सणाला करतात ते गोडसर, तळलेले पावाचे गोळे. मी सांगलीकडचा, संग्राम खोत. आमच्या गावात तालीम आहे, आणि वस्तादांनी मला दोन वर्षं बघून परत घरी पाठवलं होतं. हे मी एकदा ग्लेनला बोलून गेलो आणि त्या दिवसापासून सगळं हॉस्टेल मला पैलवान म्हणायला लागलं. मी तेव्हा इतका बारीक होतो की विमानात बेल्ट शेवटपर्यंत ओढला तरी सैलच राहायचा.

फ्लाइंग स्कूल साखर कारखान्याच्या मागच्या माळावर होतं. नाव सांगत नाही. त्यांचं काही चुकलेलं नाही, उगाच नको.

आमच्या बॅचमध्ये अजून कुणाचा सोलो झाला नव्हता. सोलो म्हणजे पहिल्यांदा एकट्यानं. शिकवणारा उतरून जातो, शेजारची सीट रिकामी, आणि तुम्ही एक चक्कर मारून विमान परत खाली आणायचं. त्या चकरेच्या आधी तुम्ही विद्यार्थी, नंतर पायलट, असं आम्हाला वाटायचं. पहिला नंबर ग्लेनचा लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्याचं लँडिंग आमच्या सगळ्यांत चांगलं होतं. हँगरमागं निळ्या पिंपात पाणी भरून ठेवलेलं, कारण सोलो करून आलेल्याला भिजवायचं असतं. पाणी भरणारा मीच.

आता पिंगे मॅडमबद्दल सांगायला हवं.

कॅप्टन रेवती पिंगे. उंची पाच फूट असेल नसेल. विमानात उशी घेऊन बसायच्या, गालात कायम लवंग. विमानात पुढं दोन माणसं बसतात आणि दोघांच्या पुढ्यात एकेक योक असतो. योक म्हणजे वरून कापलेलं स्टिअरिंग समजा. ओढला की विमानाचं नाक वर, ढकलला की खाली. दोन्ही योक आतून जोडलेले, एक हलला की दुसरा हलतो. म्हणून आत्ता कोण उडवतंय हे तोंडानं बोलावं लागतं. शिकवणारा म्हणतो, "आय हॅव कंट्रोल." शिकणारा म्हणतो, "यू हॅव कंट्रोल," आणि सोडतो. हे सगळीकडेच असं आहे. पिंगे मॅडमचं त्यावर एक जास्तीचं होतं.

सोडलं की कान धरायचे.

"सोडलं म्हणणारे खूप बघितलेत मी," त्या म्हणायच्या. "तोंड सोडतं, हात सोडत नाहीत. मला हात दिसले पाहिजेत."

विमानात हेडसेट असतो म्हणून हेडसेटच्या वाट्यांवर हात ठेवायचे. पण आम्ही त्याचा मेसमध्ये खेळ केला होता. ताटात शेवटचा फुगा उरला की कुणीतरी ओरडायचं, "आय हॅव कंट्रोल!" मग सगळ्यांनी आपापले कान धरायचे. जो शेवटी धरेल त्यानं सगळ्यांची ताटं उचलायची. ग्लेननं कधी ताटं उचललेली मला आठवत नाही. एकदा तर झोपेत होता, मी कानाशी जाऊन हळूच म्हटलं, आणि त्यानं डोळे न उघडता कान धरले.

तर ऊस गेला त्या दिवशी दुपारी ग्लेनची फेरी होती. मॅडमबरोबर, उतरायची प्रॅक्टिस. चार सीटचं विमान, म्हणून मागं बसून बघायला मी. मॅडम म्हणाल्या होत्या, आज चांगलं झालं तर उद्या बघू. उद्या बघू म्हणजे काय ते आम्हाला कळलं होतं. ग्लेननं सकाळी दाढी दोनदा केली.

चढताना मॅडम डावीकडं बघत म्हणाल्या, "ऊस गेलाय. आज हवा वेगळी लागेल. शेवटच्या क्षणाला डावीकडून येईल, लक्षात ठेव."

"येस, मॅडम."

"काय लक्षात ठेवणार?"

"हवा, मॅडम. डावीकडून."

"आणि कंट्रोल मागितला तर?"

ग्लेननं हेडसेटच्या वाट्यांवर हात ठेवून दाखवले. मी मागून म्हटलं, "फुगा पण नाही मॅडम, तरी धरतोय." मॅडम हसल्या. त्या सहसा हसत नसत.

वर सगळं नीट झालं. कारखान्याच्या चिमणीला वळसा, कालव्यावरून परत, रनवे समोर. मी बेल्ट सैलच ठेवला होता आणि दोन सीटांच्या मधून पुढं वाकून बघत होतो, कारण मला त्याचं शेवटचं नाक उचलणं बघायचं होतं. शेवटी नाक जरासं उचलायचं आणि विमान जमिनीवर तरंगत तरंगत दमून खाली बसतं. ती वेळ ग्लेनला बरोबर कळायची. फक्त ती वेळ तो उसाच्या आडोशाला शिकला होता. आम्ही सगळेच. रनवेवर टेकायच्या जरा आधी डावीकडचा वारा बंद व्हायचा, कुणीतरी खिडकी लावून घेतल्यासारखा. त्या दिवशी खिडकी उघडी होती.

डावा पंख वर गेला. विमान उजवीकडं सरकलं आणि वर उसळलं.

ग्लेननं योक ओढला. घाबरलेला माणूस ओढतोच, जमीन लांब जावी म्हणून. पण ओढलं की नाक आकाशाकडं जातं, वेग मरतो, आणि वेग मेला की विमान पडतं. भोंगा वाजायला लागला. आता पंख साथ सोडणार, हे सांगणारा भोंगा असतो तो. समोरच्या काचेतून रनवे दिसेनासा झाला, नुसतं आभाळ.

"आय हॅव कंट्रोल," मॅडम म्हणाल्या. नेहमीच्या आवाजात. थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा जोर वाढवायचा दांडा, त्यांनी स्वतः पुढं दाबला.

ग्लेनकडून "यू हॅव कंट्रोल" आलं नाही.

"ग्लेन, आय हॅव कंट्रोल. सोड."

मागून मला त्याचे हात दिसत होते. दोन्ही योकवर. पेरं पांढरी पडलेली. मॅडम दोन्ही हातांनी त्यांचा योक ढकलत होत्या आणि तो जागचा हलत नव्हता.

"सोड! सोड म्हणते ना! ग्लेन!"

मग योक सुटला.

मधलं थोडं राहिलंय, ते येईल पुढं. योक सुटला, मॅडमनी नाक खाली घेतलं, पण वर परत जाण्याइतका वेळ राहिला नव्हता. विमान एका चाकावर आपटलं, नाक वाऱ्याकडं, म्हणजे डावीकडं फिरलं, आणि आम्ही रनवे सोडून, कुंपणाच्या तारा तोडून उसाच्या रिकाम्या फडात घुसलो. पुढचं चाक मोडलं. पंखा जमिनीत घुसून थांबला. पाचटाचा आणि मातीचा ढग उठला, तो बराच वेळ बसेना.

मॅडमनी स्विचं बंद केली. कपाळातून रक्त येत होतं, त्यांचं लक्ष नव्हतं. "दोघं ठीक?"

"ठीक, मॅडम," मी म्हटलं. माझी हनुवटी सीटवर आपटून फुटली होती.

ग्लेननं डोक्यावरचा हेडसेट काढला. नीट, वायर न ओढता. मांडीवर ठेवला. आणि मग दोन्ही हातांनी कान धरून तो समोर बघत बसला.

"इट्स ओके, ग्लेन. झालं. बाहेर पड आता."

तो हलला नाही. तोवर तोडणीवाले कोयते घेऊनच पळत आले होते.

"जित्ते हायेत का आत?"

"जित्ते हायेत! बाईमाणूस बी हाय!"

एका बाईनं दार ओढून उघडलं. डोक्याला फडकं, हातभर पाचटाचे ओरखडे. तिनं मॅडमकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि ग्लेनकडं बघून म्हणाली, "ह्यो कान धरून का बसलाय? तुमी मारलं व्हय ह्याला?"

"नाही हो मावशी," मॅडम म्हणाल्या. "पाणी आहे का?"

"हाय की. पर आमच्या फडात कशाला घातलं म्हनते मी इमान? तितं येवढा मोठा रस्ता केलाय तुमाला."

मला हसू आलं. हनुवटी दुखली म्हणून थांबवलं. ग्लेनचा हात त्या बाईनंच कानावरून खाली घेतला, आणि तेव्हा दिसलं की त्याच्या उजव्या हाताची करंगळी भलतीकडंच वळलेली होती.

तालुक्याच्या दवाखान्यात मला टाके पडले. टाके घालणारा म्हणाला, "बेल्ट नव्हता काय लावला?" मी म्हटलं, सैल होता. ग्लेनचं बोट हाडांच्या डॉक्टरांनी बसवलं. ते एक्स-रे उजेडाला धरून बघत म्हणाले, "आपटून असं मोडत नाही सहसा. हे मागं वळून मोडलंय. कशात अडकलेलं का?"

"योकमध्ये असेल," ग्लेन म्हणाला.

मॅडम दारात उभ्या होत्या, कपाळाला पट्टी. त्यांनी तिथंच विचारलं.

"ग्लेन, मी कंट्रोल मागितला. तू काय केलंस?"

"सोडला, मॅडम. कान धरले."

पापणी न हलवता. खोटं बोलणारा माणूस मला कळतो, ग्लेन तर फारच कळतो, डब्यात किती फुगे उरलेत ते लपवायला तो जे काय बोलायचा ते मी रोज ऐकायचो. हा खोटं बोलत नव्हता.

"नक्की?"

"नक्की. मला आठवतंय ना, मॅडम."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "खोत, तू मागं होतास. काय दिसलं?"

ग्लेनही बघत होता. सहज. मी आता हो म्हणणार आणि विषय संपणार अशा नजरेनं.

"माझी मान खाली होती, मॅडम," मी म्हटलं.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला थांबवलं. लवंग काढून हातात घेतली. बोलायच्या आधी असं त्यांनी केलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"माझ्या हातात तो योक दगडासारखा होता, खोत. मग एकदम मोकळा. मीही घाबरले होते, खोटं कशाला सांगू. तो म्हणतोय, सोडला. असेल. मलाच बोलायला उशीर झाला असेल. पण बोट जुळलं की ह्या पोराला एकटं पाठवायचं का, हे मला ठरवायचंय. तेव्हा शेजारी सोड म्हणायला मी नसणार. आणि ज्याला आपण धरून ठेवलं होतं हे माहीतच नाही—" त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मान वर होती का खाली, नीट आठव. मग सांग."

"सांगतो, मॅडम."

"मलाच आधी सांगायला पाहिजे असं नाही," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मी विचार असा केला. गप्प बसलो तर ग्लेनचा सोलो होणार. तो पुन्हा कधीतरी वाऱ्यात सापडणार, आणि तेव्हाही त्याला वाटत राहणार की आपण सोडणारा माणूस आहोत. सांगितलं तर तो कदाचित परत विमानात बसणारच नाही. मोगऱ्याच्या वाडीतून आलेला होता, तिकडं परत गेला असता. ह्यातलं कुठलं बरं, ते ठरवणं माझं काम नव्हतं. पण माहीत मला एकट्यालाच होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही कारखान्याच्या काट्यासमोर चहाला गेलो. उसाच्या गाड्या वजनाला लागलेल्या. ग्लेन डाव्या हातानं ग्लास धरून पीत होता, थोडा शर्टवर सांडत होता. मजेत होता.

"आईला सांगितलं बाथरूममध्ये पडलो. ती म्हणते, तिकडं बाथरूम एवढं मोठं आहे का."

"ग्लेन, तू कान कधी धरलेस?"

"आता तू पण? मॅडम बोलल्या तेव्हा."

"कसं आठवतंय तुला?"

"कसं म्हणजे? आठवतंय. कान थंडगार होते माझे. बर्फ. मला तेव्हा वाटलं पण, एवढ्या उन्हात कान थंड कसे."

मी ग्लास बाकावर ठेवला.

"हेडसेट होता तुझ्या डोक्यावर," मी म्हटलं.

काट्यावरचा माणूस एका गाडीवाल्यावर ओरडत होता, बैल पुढं घे, बैल पुढं घे. गाडीवाला म्हणत होता, बैलाला सांगा की, मला काय सांगता. ग्लेन ते ऐकतोय असं वाटत होतं. त्यानं ग्लास खाली ठेवून डावा हात हळूच कानाकडं नेला. मध्येच थांबवला.

"मेसमध्ये कान लागतो हाताला," मी म्हटलं. "विमानात नाही लागत."

"मग मी—"

"विमान थांबल्यावर. तू हेडसेट काढलास, मांडीवर ठेवलास, मग धरलेस. त्या बाईनं सोडवले तुझे हात. मॅडमनी तुला मारलं का विचारत होती."

"ती बाई आठवते मला."

"हो ना."

"बाई आठवते," तो परत म्हणाला. "म्हणजे मी आधी सोडला नाही."

"नाही."

"मॅडमनी काढून घेतला?"

"त्यांना निघत नव्हता."

"मग सुटला कसा?"

ह्याचं उत्तर मी रात्रभर वेगवेगळ्या तऱ्हेनं जुळवलं होतं. मी नुसतं त्याच्या बोटाकडं बघितलं. पट्टीत गुंडाळलेलं, वर धरलेलं, कुणाला काहीतरी सांगत असल्यासारखं.

ग्लेननंही बघितलं.

"डॉक्टर म्हणाले, मागं वळून मोडलंय," तो म्हणाला.

"हो."

"तू मागं होतास."

"बेल्ट काढला आणि मधून पुढं आलो. तुझी मूठ उघडेना. तालमीत पहिल्याच दिवशी सांगतात, काही झालं तरी समोरच्याचं बोट धरायचं नाही. करंगळी तर नाहीच. सगळी पकड तिथून सुटते म्हणून."

"तू माझं बोट मोडलंस."

"हो."

"मुद्दाम."

"हो. आवाज आला त्याचा. मग तू सोडलंस."

"आणि काल रात्री माझ्याच डब्यातले फुगे खात माझ्याशेजारी बसलास."

"हो."

तो उठला. चहा अर्धा तसाच. कारखान्याच्या रस्त्यानं हॉस्टेलच्या उलट्या बाजूला चालत गेला, उसाच्या गाड्यांच्या रांगेच्या कडेकडेनं. त्या रात्री तो खोलीवर आला नाही. मोहोळच्या पोरांच्या खोलीत झोपला, हे मला सकाळी कळलं. त्याची बॅग कॉटखाली तशीच होती. मी दोनदा बघितली.

चौकशी व्हायची ती नंतर झाली. तिथं मी होतं तसं सांगितलं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

चहाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी फडातून आणलेल्या विमानाच्या खाली बसून चाकांतलं पाचट उपसत होतो. ते काम मला कुणी सांगितलं नव्हतं. समोर दोन बूट येऊन थांबले.

"पैलवान."

"बोल."

"मॅडमना सांगून आलो."

मी बाहेर आलो. ग्लेनची दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. पण उभा नीट होता.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, चांगले चांगले धरून ठेवतात. ज्याला माहीत नाही, त्याला मी एकटं सोडत नाही. तुला आता माहीत झालं." त्यानं पट्टीचा हात वर केला. "बोट जुळलं की परत. पहिल्यापासून. सोलोचं नाव काढायचं नाही म्हणाल्या, त्या काढतील तेव्हाच."

"बरं झालं."

"बरं काय त्यात? सगळी बॅच पुढं जाणार. तूसुद्धा."

"मी कसला जातोय. माझं लँडिंग बघितलंस ना."

"बघितलंय. घाण आहे." तो माझ्याशेजारी खाली बसला. चाकातली एक पाचटाची काडी डाव्या हातानं ओढायला लागला. ती निघेना. मी मदत केली नाही. "खोत, रात्री मी सारखा आठवायचा प्रयत्न केला. मला अजूनही तसंच आठवतंय. त्या बोलल्या आणि मी सोडला. तू सांगितलंस म्हणून खोटं आहे हे कळतंय, पण आठवतंय तसंच. ह्याचं काय करायचं?"

"मला नाही माहीत."

"म्हणून मागची सीट रिकामी नको मला. मी आणि मॅडम जेव्हा जेव्हा जाऊ, तू मागं."

"बसेन."

"आधी त्यांना बोलू द्यायचं. घाई करायची नाही."

"नाही करणार."

"मग मी हात वर नेतो का बघायचं. मान वर ठेवून बघायचं. ती मान खाली होती वगैरे मॅडमना सांगतोस ते मला कळलंय."

"बघेन."

"आणि नाही नेले तर?"

"तर डावी करंगळी. उजवी एकदा झाली."

तो हसला नाही, पण काडी निघाली त्याच्या हातून. ती त्यानं लांब फेकली. रनवेच्या पलीकडं तो फड उघडा पडला होता, वाऱ्यानं पाचट उडत होतं. आम्ही दोघंही तिकडं बघत बसलो.

"आणि सोलोला?" ग्लेन म्हणाला. "कधी झालाच तर. तेव्हा मागं कुणी नसतं."

हे मी जुळवून ठेवलेलं नव्हतं. तरी लगेच आलं.

"सोलोला मी इथं, हँगरच्या दारात," मी म्हटलं. "तू वर गेलास की कान धरून उभा राहीन. पोरं हसू देत, मॅडम हसू देत. तू उतरून, थांबून, इंजिन बंद करेपर्यंत सोडणार नाही. शप्पथ."